डाव्या हाताची बाही

"पँट वर कर."

"काही नाही झालं, आई."

"मी काय म्हणाले? वर कर."

प्रज्वल दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. गणवेश घालून तयार, पाठीला दप्तर. दीपमालाने त्याला खुर्चीत बसून मोजे घालताना पाहिलं होतं. एरवी जमिनीवर फतकल मारून बसणारं पोर आज खुर्चीत बसलं होतं, आणि उजवा पाय काठीसारखा पुढे ताठ ठेवला होता. दहा वर्षं तिने या पोराच्या चालण्याबसण्यावर डोळे लावले होते. तिला आणखी काही बघायची गरज नव्हती.

तिने खाली बसून स्वतःच पँटचा पाय गुंडाळला. गुडघा मोसंबीसारखा टरारला होता. कातडी ताणून चकचकीत झाली होती. तिने तळवा ठेवला. कढत.

"कधीपासून?"

"कालपासून."

"खरं सांग."

"परवा. संध्याकाळपासून."

परवा! म्हणजे दोन रात्री आणि मधला अख्खा दिवस हे पोर सुजलेला गुडघा घेऊन घरात वावरलं. आत सांध्यात रक्त झिरपत राहिलं आणि ते हसून जेवलं, अभ्यास केला, पांघरूण घेऊन झोपलं. ते अजिबात पांघरूण घेत नसे, हे तिला आत्ता आठवलं.

घड्याळात पावणेआठ झाले होते. नऊ वाजता तिला तळवड्याला पोचायचं होतं. गाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधणाऱ्या एका छोट्या कंपनीत ती अकरा महिने कंत्राटावर होती. आज परमनंटची टेस्ट होती. चौदा बायकांतून तिघी घेणार होते. लाकडी बोर्डावर नकाशा असतो, त्यावर रंगीत वायरी क्रमाने बसवायच्या, चाळीस मिनिटांत. गेला महिनाभर ती कपाटाच्या दाराला खिळे मारून लोकरीचे रंगीत धागे ताणून सराव करत होती. काल तिने छत्तीस मिनिटांत केलं होतं. याआधी दोन नोकऱ्या तिने याच दुखण्यापायी सोडल्या होत्या. एकदा गुडघा, एकदा घोटा. या खेपेला अकरा महिन्यांत तिने एकही खाडा केला नव्हता.

"कशानं झालं?"

"लागलं नाही कुठं. लेझीम होती."

"कुठली लेझीम?"

"गॅदरिंगची. शुक्रवारी आहे ना. मी मागच्या ओळीत आहे."

"तुला लेझीममध्ये कुणी घेतलं? मी तर त्या कागदावर सही दिलीच नव्हती."

प्रज्वलने बुटाकडे पाहिलं. "मीच केली. तुझी सही. बघून बघून केली."

दीपमालाच्या डोक्यात काहीतरी फुटलं. ती मूळची परभणीकडची, लग्नानंतर पिंपळे गुरवला आली. बारा वर्षांत बोली बरीच शहरी झाली होती, पण संताप आला की गाव तोंडातून बाहेर पडायचं. "काय केलास? खोटी सही करायलास? दोन दिस पाय लपवायलास? मी मरू का जगू रे तुझ्यापायी?" असं म्हणत तिने त्याचा डावा हात मनगटाच्या वर धरला आणि त्याला गदागदा हलवलं. एकदा, दोनदा, तीनदा. दप्तर त्याच्या पाठीवर उसळत राहिलं.

प्रज्वल ओरडला नाही. तो फक्त स्वतःच्या हाताकडे बघत राहिला. त्याची नजर बघून तिची बोटं सुटली.

गोऱ्या कातडीवर आधी पांढरी आणि मग लाल, अशी चार बोटं उमटली. पलीकडच्या बाजूला अंगठा असणार. तिने पाहिलं नाही.

शेजारच्या बाया पोरांना येता-जाता "दोन देईन ठेवून" म्हणायच्या. दीपमालाने ती धमकीसुद्धा कधी दिली नव्हती. जो मार देताच येत नाही त्याची धमकी काय द्यायची! दुसऱ्याच्या पोराला चापट म्हणजे चापट, तिच्या पोराला चापट म्हणजे दवाखाना. या हिमोफिलियाने तिला चिडायचीही सोय ठेवली नव्हती. लहानसा ओरखडा चालायचा, तो दिसतो तरी. पण मुका मार लागला की आत रक्त वाहायला लागायचं आणि थांबायचं नाव घ्यायचं नाही. मग फॅक्टर. रक्त गोठवणारा जो पदार्थ त्याच्या अंगात जन्मापासून नव्हता, तो शिरेतून द्यायचा.

प्रज्वलने दप्तर काढलं, खुंटीवरचा स्वेटर घेतला आणि अंगात घातला. डावी बाही मनगटापर्यंत ओढली.

"थंडी आहे," तो म्हणाला.

तिने नवऱ्याला, समाधानला फोन लावला. बंद. त्याची पहिली शिफ्ट होती. पहाटे साडेपाचला बसने चाकणला जायचा, आणि आत शिरताना मोबाईल लॉकरमध्ये. गेटच्या ऑफिसला फोन केला तर निरोप पोचायला जेवणाची सुट्टी व्हायची. मग तिने करिष्माला लावला. करिष्मा तिची लाइन लीडर, वयाने दहा वर्षांनी लहान.

"ताई, आज नको ना असं करू," करिष्मा जवळजवळ रडवेली झाली. "मी साहेबांना तुझं नाव किती वेळा सांगितलंय. बरं ऐक. साहेब दोनपर्यंत आहेत. दोनच्या आत ये, मी शेवटचा नंबर लावते तुझा."

दोनच्या आत. जमेल. आठला निघू, नऊला पोचू, अकरापर्यंत इंजेक्शन, खालच्या सुमनताईंकडे प्रज्वलला झोपवून साडेबाराला तळवडे. दीपमालाने मनात हिशेब मांडला आणि गुडघ्याला बर्फाची पिशवी बांधली.

तिसरा मजला, लिफ्ट नाही. अठ्ठावीस किलोचं पोर तिने पाठुंगळी घेतलं. दुसऱ्या मजल्यावर सुमनताई दारात रांगोळीचा डबा घेऊन उभ्या होत्या.

"परत का गं? अगं, तू फार जपतेस त्याला. म्हणूनच नाजूक झालाय. जरा मोकळं सोड."

दीपमाला पायऱ्या उतरत राहिली. आठवड्यातून एकदा कुणीतरी तिला मोकळं सोडायला सांगायचं आणि कुणीतरी नीट लक्ष द्यायला सांगायचं. काही वेळा एकच माणूस दोन्ही सांगायचं.

रिक्षावाला म्हातारा होता, जुन्या गावातला. प्रत्येक गतिरोधकाला ती "सावकाश, सावकाश" म्हणाली तेव्हा तो वैतागला. "ताई, रस्ताच असा हाय, आमी काय करावं? पोराला काय व्हतंय?" तिने सांगितलं. पुढे त्याने खरोखर बैलगाडीसारखी रिक्षा चालवली. त्यात वीस मिनिटं जास्त गेली.

"हात दाखव," रिक्षात ती म्हणाली.

"काही नाही झालंय."

तिने पुन्हा विचारलं नाही. हे तिचं तिलाच कळलं, की आपण पुन्हा विचारलं नाही.

दवाखान्यात केसपेपरला पाऊण तास गेला. फॅक्टर होता, पण तो ज्या फ्रीजमध्ये होता त्याची चावी असलेल्या सिस्टर मीटिंगला गेल्या होत्या. मीटिंग कुठे, तर वरच्या मजल्यावर. किती वेळ, ते कुणाला माहीत नव्हतं. दीपमाला वर गेली, तर दाराबाहेरच्या शिपायाने अडवलं. खाली आली. पुन्हा वर गेली. "सगळ्यांचीच घाई असते बाई," शिपाई म्हणाला. सव्वादहा झाले. अकरा झाले. बाकावर प्रज्वल पाय लांब करून बसला होता, उजव्या हाताने डावी बाही मुठीत धरून.

तिच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. फॅक्टर तर मिळणारच आहे. एकदा शिरेत गेला की सगळ्या अंगात जातो. गुडघ्यालाही आणि हातालाही. मग हाताचं सांगायचं कशाला? सांगितलं की विचारणार, कसं झालं. पण दहा वर्षांत तिने इतकं ऐकलं होतं, वाचलं होतं, की ही पळवाट तिला नीट वापरताही येईना. डोस वजनावर ठरतो, आणि रक्त कुठे साचलंय त्यावरही. कोपराखालच्या स्नायूत साचलं तर शिरा दाबल्या जातात, बोटं कायमची वाकडी होतात. अशाच एका मुलाला तिने या बाकावर बसलेलं पाहिलं होतं. त्याला पेन धरता येत नव्हतं.

साडेअकराला चावी आली. पावणेबाराला आत घेतलं. डॉक्टर नेहा नावाची तरुण मुलगी होती, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. तिने गुडघा हलक्या हाताने दाबून पाहिला.

"दोन दिवस का थांबलात?"

"मला आज कळलं."

"आईंनी रोज बघायला हवं ना."

रोज! मोलकरणीला सांगावं तसं ही पोरगी तिला सांगत होती.

"अजून कुठे दुखतंय, प्रज्वल?"

"नाही."

डॉक्टरने डोस लिहिला. सिस्टरने औषध कालवलं, पट्टा बांधला. "डावा दे बाळ. डाव्या हाताची शीर चांगली आहे तुझी."

"यातच करा," प्रज्वलने उजवा पुढे केला.

उजव्या हाताच्या शिरा सुयांनी निबर झाल्या होत्या. सगळ्या सिस्टरांना ते माहीत होतं. पहिली सुई हुकली. त्याने डोळे मिटले. दुसरी आत गेली, पण रक्त आलं नाही. सिस्टर म्हणाली, "अरे, डावा दे की."

"नको. यातच करा. मला चालतंय."

तिसऱ्यांदा सिस्टरने सुई उचलली तेव्हा दीपमाला म्हणाली, "थांबा."

सिस्टर थांबली.

"त्याच्या डाव्या हाताला लागलंय. बाही वर करा."

बाही वर जाईना. हात इतका सुजला होता. स्वेटर डोक्यावरून काढावा लागला. सकाळची लाल बोटं आता निळी-काळी झाली होती, चार ठळक पट्टे आणि मागे अंगठ्याचा गोल डाग. डॉक्टरने हात उजेडात धरला.

"हे कसं झालं?"

"लेझीमच्या वेळी," प्रज्वल पटकन म्हणाला. "एका मुलाने धरलं. मी पडणार होतो ना, म्हणून धरलं त्याने."

उत्तर तयार होतं. अडीच तास बाकावर बसून त्याने ते घोळवलं होतं. आणि सांगून झाल्यावर त्याने आईकडे पाहिलं. आता तू फक्त हो म्हण, बाकीचं मी बघतो, अशी ती नजर होती.

दीपमालाला ती अकरा महिन्यांच्या प्रज्वलला घेऊन पहिल्यांदा एका डॉक्टरकडे गेली होती तो दिवस आठवला. रांगायला लागल्यापासून त्याच्या अंगावर निळे डाग उठायचे. डॉक्टरने डाग पाहिले, तिच्याकडे पाहिलं आणि समाधानला बाहेर पाठवून विचारलं, "मुलाला मारता का तुम्ही?" ती घरी येऊन दोन दिवस जेवली नव्हती. त्यानंतर आजाराचं नाव कळलं, डॉक्टरने माफीही मागितली. पण तो प्रश्न तिने कधी माफ केला नव्हता.

"खोटं बोलतोय तो," ती म्हणाली. "ती माझी बोटं आहेत. सकाळी मी धरलं त्याला. हलवलं."

"आई—"

"तू गप बस."

डॉक्टरने प्रज्वलची बोटं एकेक करून सरळ केली. "मुंग्या येतात? इथे कळतं? इथे? मूठ कर." मूठ अर्धीच झाली. तिने लिहिलेला डोस खोडला, नवीन लिहिला. "दोन दिवस ठेवून घ्यावं लागेल. दर तासाला बोटं हलवायला लावा. गार पडली, बधिर झाली तर लगेच हाक मारा." मग जरा थांबून म्हणाली, "मला हे केसपेपरवर लिहावं लागेल, ताई."

"लिहा."

"आणि आमच्याकडे समुपदेशक आहेत, पालकांसाठी. एकदा भेटा त्यांना. फक्त मंगळवारी असतात."

आज बुधवार होता. दीपमालाला हसू आलं.

मोठी शीर पायावर मिळाली. औषध आत गेलं तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. वॉर्डात खाट मिळेपर्यंत पावणेदोन. करिष्माचे चार फोन येऊन गेले होते. सव्वादोनला मेसेज आला, "ताई, साहेब गेले." दीपमालाने मोबाईल पिशवीत टाकला आणि प्रज्वलचा डावा हात उशीवर उंच ठेवला.

शिफ्ट सुटल्यावर फोन बघून समाधान सव्वाचारला आला. निळा गणवेश अंगावर, बुटांना तेल. तिने त्याला वॉर्डाच्या बाहेर, व्हरांड्यात नेलं आणि सगळं सांगितलं. न रडता, क्रमाने. तो ऐकत होता, ऐकता ऐकता त्याचा चेहरा बदलत गेला.

"तू हात टाकलास त्याच्यावर?"

"धरला. पण टाकल्यासारखंच झालं ते."

"दहा वर्षांत मी बोट नाही लावलं त्याला, दीपा."

"लावायला घरी असतोस कधी?" तिचा आवाज चढला. व्हरांड्यातल्या बायांनी वळून पाहिलं. "तुझा फोन लॉकरात. शाळेचा फोन कुणाला येतो? मला. दवाखान्यात कोण धावतं? मी. सायकल नको, क्रिकेट नको, जिन्यात पळू नको, हे सगळं मी बोलायचं, आणि तू संध्याकाळी कुल्फी घेऊन यायचं. अन् आता तुझं पोरगं माझ्या खोट्या सह्या करायला शिकलंय."

समाधानने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"ती सही त्याने नाही केली," तो म्हणाला.

"मग?"

"मी केली. तू आंघोळीला गेली होतीस. रडत होता तो. मॅडम म्हणाल्या होत्या मागच्या ओळीत उभा करते, फार नाचायचं नाही. म्हटलं, जाऊ दे एकदा."

"मला कामून सांगितलं नाहीस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

दीपमाला कठड्याला टेकली. सकाळी दारात उभं राहून पोराने म्हटलं होतं, मीच केली. बापाची सही स्वतःच्या नावावर घेतली होती. दुपारी आईची बोटं एका बिनानावाच्या मुलाच्या नावावर टाकली होती. दोघंही पोराला जपतोय म्हणत होते, आणि पोर सकाळपासून त्या दोघांना पाठीशी घालत फिरत होतं, एका पायावर. गुडघाही त्याने दोन दिवस लपवला तो लेझीमसाठीच, हे खरं. पण आता तिला वाटलं, दुखतंय म्हटलं की घरात काय सुरू होतं, हे त्याला पाठ झालं असेल.

तिला समाधानची कॉलर धरावीशी वाटली. स्वतःचं डोकं भिंतीवर आपटावंसं वाटलं. यातलं काहीच तिने केलं नाही. खाली अंगणात एक बाई ओल्या साडीचे पिळे करून झाडाला बांधत होती, ती तिकडे बघत राहिली.

"उद्या तू थांबायचं इथं," ती शेवटी म्हणाली. "परवा पण."

"परवा डिस्पॅच आहे. सुपरवायझर—"

"त्याला सांग. मी ज्या तोंडाने सांगत आले त्याच तोंडाने सांग, पोराला लागलंय म्हणून. अन् शाळेत फोन करून मॅडमला पण तूच सांगायचं. सही तुझी होती म्हणून."

त्याने मान हलवली. मग काहीतरी आठवल्यासारखं तिच्याकडे पाहिलं. "दीपा, आज तुझी टेस्ट होती ना?"

"झाली," ती म्हणाली.

तो जेवण आणायला खाली गेला. ती आत आली तेव्हा प्रज्वल जागा होता. खाटेच्या पायाशी लटकवलेला केसपेपर त्याने उजव्या हाताने ओढून घेतला होता आणि डॉक्टरच्या वाकड्यातिकड्या इंग्रजीतली अक्षरं लावत होता.

"यात 'मदर' लिहिलंय," तो म्हणाला.

"हो."

"कशाला सांगितलंस? मी सांगितलं होतं ना त्यांना."

"तू खोटं सांगितलं होतंस."

खिडकीतून उन्हाचा शेवटचा पट्टा शेजारच्या रिकाम्या खाटेवर पडला होता. थोड्या वेळाने त्याने कागद खाली ठेवला. "पण तू जोरात नव्हतं धरलं."

हो म्हणणं किती सोपं होतं. दीपमालाने त्याच्या हाताकडे पाहिलं. पट्टे आता एकमेकांत मिसळायला लागले होते.

"जोरात धरलं होतं," ती म्हणाली. "फार जोरात. मला राग आला होता. तुझा पण, अन् दुसऱ्या कशाकशाचा पण. ते तुझ्या हातावर निघालं. ते चुकलं माझं."

प्रज्वल छताकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं. आज दिवसभरात पहिल्यांदा.

"दुखतंय?"

"हो," तो म्हणाला. "लई दुखतंय, आई."

"कुठं?"

त्याने दाखवलं. गुडघा, मग कोपराच्या खाली, मग जिथे सुया हुकल्या होत्या ती जागा. एकेक ठिकाण तो दाखवत गेला आणि ती बघत गेली. सहा वाजले तेव्हा ती म्हणाली, "बोटं हलव."

अंगठा हलला. मधली तीन हलली. करंगळी बराच वेळ तशीच राहिली.

मग तीही हलली.